कोपरासकट आई

दिवाळी आटोपून फराळाचे डबे तळाला लागले की आमच्या पुण्यातल्या बाल्कनीतलं ऊन एकाएकी खाली उतरतं. तोवर ते डोक्यावरून पडत असतं, कपडे वाळवण्याच्या कामाचं. मग एका सकाळी बघावं तर ते तिरकं होऊन खोलीत शिरलेलं असतं, सोफ्याखालची धूळ दाखवत. बंगाली पंचांगात ह्या दिवसांना हेमंत म्हणतात. पुण्यात हेमंताला कुणी विचारत नाही. इथे आधी ऑक्टोबरचा उकाडा असतो आणि मग एकदम स्वेटर. मध्ये काही असतं हे लोकांच्या गावीही नसतं. मला मात्र ते ऊन दिसलं की आत काहीतरी हलतं, कारण हा ऋतू मी कलकत्त्यात शिकले. ऋतू काय शिकायचा असतो, असं कुणी म्हणेल. पण मी खरंच शिकले, रीतसर, कान धरून शिकवणाऱ्या बाईंकडे.

यंदा त्या उन्हाबरोबर घरात एक डिजिटल कॅमेराही आला. माझ्या नातीने, ईराने, कुठून तरी जुना मिळवलेला. हल्ली कॉलेजातल्या मुलांना हातात फोन असताना असे कॅमेरे हवे असतात म्हणे. जुनी वस्तू आवडण्याचं हे वय नव्हे. "आजी, चल, तुला फोटो काढायला शिकवते," ती म्हणाली. "मला येतात," मी म्हटलं, जरा ठसक्यातच. कॅमेरा हातात घेतला, पोटाशी धरला आणि मान खाली घालून वरून आत डोकावले. वर एक बटण होतं. बाकी काही नाही.

ईरा सोफ्यावर लोळून हसली. मीही हसले, पण माझी मान काही लगेच वर झाली नाही. इतक्या वर्षांनंतर शरीराला ही सवय आठवावी याचं मलाच नवल वाटत होतं. हसून झाल्यावर तिने कॅमेऱ्याच्या पाठीवरचा छोटा पडदा बिजागरीवर उचलून आडवा केला. "असं हवंय का तुला?" आता वरून डोकावल्यावर बाल्कनी दिसत होती, कुंड्या दिसत होत्या, दोरीवरचा टॉवेल दिसत होता. उजवीकडची तुळस चौकटीत घ्यावी म्हणून मी कॅमेरा डावीकडे वळवला आणि तुळस आणखीच दूर गेली.

"अगं, उलटं काय करतेस?" ईरा म्हणाली.

आता तिला काय सांगणार? मी ज्या कॅमेऱ्यावर शिकले त्यात जग उलटंच दिसायचं.

तो कॅमेरा शालूमावशींचा. चौकोनी, काळा, समोर एकाखाली एक अशी दोन भिंगं. वरचं झाकण उघडलं की आत दुधी काचेचा एक चौकोन असायचा आणि त्यात समोरचं दृश्य उतरायचं. सरळ, पण डावं ते उजवीकडे आणि उजवं ते डावीकडे. गळ्यात पट्टा, कॅमेरा पोटाशी, मान खाली. फोटो काढणारी व्यक्ती लांबून देवाला नमस्कार करत असल्यासारखी दिसे. एका रिळात जेमतेम बारा फोटो यायचे आणि त्या काळात रीळ मिळणंच मुश्किल होतं. त्यामुळे शालूमावशींनी मला कितीतरी आठवडे रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकवलं. नुसतं बघायचं, कळ दाबायची, आत काही नाही. "आधी बघायला शिक," त्या म्हणायच्या. "काढायचं मग बघू."

बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि बदलीवर कलकत्त्याला आले होते. बालीगंजमध्ये एका जुन्या तीनमजली घराचा मधला मजला आम्हाला मिळाला होता. खाली घरमालक, वर शालूमावशी आणि त्यांच्याही वर सगळ्यांची मिळून एक मोठी गच्ची. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. शालूमावशी एका शाळेत भूगोल शिकवत. त्यांचे आजोबाच कधी काळी कलकत्त्याला आलेले, त्यामुळे त्या जन्मानेच इथल्या. नेसायच्या बंगाली पद्धतीने, जेवायच्या बंगाली पद्धतीने, आणि मराठी बोलायच्या तीसुद्धा थोडी त्याच चवीची. एखादी गोष्ट फार आवडली की ती त्यांना "भीषण" आवडायची. आई पहिल्यांदा त्यांच्याकडे पुरणपोळी घेऊन गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, भीषण झालीय हो!" आई घरी येऊन रडवेली बसली. बाबांनी समजूत घातली की इकडे भीषण म्हणजे फार चांगलं. पुढे आमच्या घरात आमटीपासून परीक्षेच्या निकालापर्यंत सगळंच भीषण होऊ लागलं.

पण हेमंत शिकवला तो त्यांनीच. दुर्गापूजा होऊन गेलेली असायची. गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू उतरवून रचून ठेवलेले असायचे आणि त्यांच्यावर पोरं चढून बसायची. प्राजक्ताचा बहर ओसरत आलेला. कालीपूजेच्या आसपास हिरवे बारीक किडे दिव्यावर इतके यायचे, की आई ताटावर पदर धरून आम्हाला वाढायची. संध्याकाळी कोळशाच्या शेगड्या पेटायच्या आणि त्यांचा धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळायचा, डोळ्यांना झोंबायचा. आम्ही घाम पुसत असताना घरमालक कानटोपी घालून फिरायचे. घरमालकीणबाई कार्तिकभर गच्चीवर उंच बांबूला एक दिवा टांगत. आईने आपला आकाशकंदील त्याच्याच शेजारी लावला होता. "आमचा सणाचा," आई म्हणायची, "आणि त्यांचा गेलेल्या माणसांना वाट दिसावी म्हणून." दोन्ही दिवे वाऱ्यावर एकमेकांना लागत.

आणि ऊन. शालूमावशी मला गच्चीवर उभं करून विचारायच्या, "कुठून येतंय? भिंतीवर कसं पडलंय? तुझ्या हाताच्या सावलीची कड बघ, धारदार आहे का मऊ?" मला आधी ऊन म्हणजे ऊन एवढंच कळत होतं. मग हळूहळू कळायला लागलं की भादव्यातलं ऊन माणसाच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं आणि कार्तिकातलं ऊन त्याच डोळ्यांत शिरतं. धुरामुळे, धुक्यामुळे म्हणा, त्या दिवसांत त्या शहरावर एक पातळ पडदा असायचा आणि ऊन त्यातून गाळून यायचं. त्या उजेडात गल्लीतली गायसुद्धा देखणी दिसायची.

एकदा त्या मला बालीगंज स्टेशनवरून लोकलने बजबजला घेऊन गेल्या. तिथे गंगा इतकी रुंद होते, की पलीकडचा काठ धुरकट रेघेसारखा राहतो. तागाच्या गिरण्यांच्या भिंती, तेलाच्या टाक्या आणि पाण्यावर संथ चाललेल्या होड्या. मला होडी पकडायची होती. मी मान घालून बघत होते आणि होडी चौकटीतून निसटत होती. मी तिच्या मागे कॅमेरा वळवावा तर ती आणखी लवकर निसटायची. शेवटी मी वैतागून मान वर केली तेव्हा खरी होडी भलतीकडेच पोचली होती. शालूमावशी घाटाच्या पायरीवर बसून संत्रं सोलत होत्या. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "गंगेला होड्यांची कमी नाही." संत्र्याची साल त्यांनी माझ्या नाकाजवळ आणली. त्या वासाने मला अजूनही बजबज आठवतं, भाजी मंडईत कुणी संत्री निवडत असलं तरी.

हे सगळं शिकणं हौसेचंच राहिलं असतं. पण त्याच ऋतूत मिरजेहून मामाचं पत्र आलं.

मिरज म्हणजे आईचं माहेर. तिथे माझी आजी होती आणि तिच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली दृष्टी परत येणार नाही, आहे ती किती टिकेल सांगवत नाही. आई कलकत्त्याला आल्यापासून माहेरी गेली नव्हती. लांबचा प्रवास, बाबांची रजा, माझी परीक्षा, काही ना काही निघायचं. मामाने लिहिलं होतं, वत्सूचा, म्हणजे माझ्या आईचा, एक फोटो पाठवा. घोळक्यातला नको, इकडे आमच्या आईला आता त्यात काही ओळखू येत नाही. तिचा एकटीचा, चेहरा मोठा दिसेल असा. दिसतंय तोवर लेकीचं तोंड बघू दे.

आईने पत्र वाचलं, घडी घालून देवामागे ठेवलं आणि कणीक भिजवायला घेतली. खूप वेळ मळत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एकटीचा नको."

"अगं, पण आजीला—"

"बाईचा एकटीचा फोटो भिंतीवर कधी लागतो, माहीत आहे ना तुला? नवरा समोर असताना एकटीचा फोटो काढत नाहीत. तुझ्या बाबांबरोबर काढ हवा तर."

आता हे ऐकून कुणी हसेल. पण आमच्या सगळ्या नात्यांमध्ये तसंच होतं. बायका लग्नात नवऱ्याशेजारी उभ्या असायच्या, मुंजीत मुलाच्या मागे, बारशाला पाळण्याआड. आणि एकट्या दिसायच्या त्या हार घातलेल्या चौकटीतच. आईच्या आईचाही एकटीचा फोटो नव्हता, आईच्या सासूचा होता तो तसलाच. आईच्या त्या नकारात नुसती भीती नव्हती, मान होता. बाबांशेजारी नसलेली ती तिला स्वतःलाच ओळखू आली नसती. आणि तिकडे मिरजेत, घोळक्यात लेक ओळखू न येणारी आजी अंगणात खुर्ची टाकून उरलेला उजेड जपत बसली होती. दोघींच्या मध्ये मी, कॅमेरा शिकलेली म्हणवणारी.

शालूमावशींनी एक रीळ दिलं. पहिल्यांदाच आत काहीतरी असलेला कॅमेरा माझ्या हातात आला. सरावासाठी मी आधी बाकी सगळ्यांचे फोटो काढले: घरमालक कानटोपीसकट, घरमालकीणबाई दिव्याचा बांबू धरून, बाबा दाढी करताना, शालूमावशी पृथ्वीचा गोल मांडीवर घेऊन. आणि आईलाही मी चोरून टिपलं, तांदूळ निवडताना, खिडकीशी.

फोटो धुऊन झाले तेव्हा शालूमावशींनी ते ओळीने मांडले आणि हसू आवरत विचारलं, "नंदा, हे सगळे आकाशात काय बघतायत? विमान गेलं का?"

खरंच. एकूण एक माणूस किंचित वर बघत होता. कॅमेरा माझ्या पोटाशी आणि माझं डोकं त्याच्यावर. आणि हे सगळे लोक भिंगाकडे न बघता माझ्याकडे बघत होते, कारण त्यांच्याशी बोलत मी होते. चोरून काढलेल्या फोटोत आईला कळलंच होतं म्हणायचं. तीही तांदळातून मान वर करून माझ्याकडेच बघत होती. मी शालूमावशींच्या सांगण्यावरून सगळ्यांना समजावलं, की खालच्या भिंगाकडे बघायचं, माझ्याकडे नाही. घरमालकांना पटलं. बाबांना पटलं. आईला काही केल्या पटेना.

"माणूस समोर उभं असताना," ती म्हणाली, "माणसाकडे बघायचं की डब्याकडे?"

"आई, डब्याकडे बघितलंस तर ते आजीकडे बघितल्यासारखं होईल."

हे तिला लागलं असावं. पण एकटीचा फोटो नको, हे तिचं कायम होतं.

तोडगा शेवटी शालूमावशींनी काढला. बाबांना शेजारी बसवायचं, अगदी चिकटून, आणि फोटो मोठा करताना त्यांना बाहेर ठेवायचं. आई ह्याला तयार होईना. तिला ते बाबांना घराबाहेर काढल्यासारखं वाटलं. मग घासाघीस झाली. बाबांचा खांदा राहू दे. खांदा आला तर चेहरा लहान होतो. मग काय राहील? बाबा वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "माझं कोपर ठेवा. कोपर कमी जागा घेतं." आई हसली आणि म्हणाली, "कोपर दिसायला हवं पण. नीट दिसायला हवं." अशा रीतीने माझ्या वडिलांच्या कोपराला आमच्या घराण्याच्या इतिहासात जागा मिळाली.

त्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही गच्चीवर गेलो. कॅमेऱ्यात आता शालूमावशींचं स्वतःचं दुसरं रीळ होतं, एकच चित्र उरलेलं. मी सकाळपासून आभाळाकडे बघत होते, त्या नादात वेणीही स्वतःच घातली होती, कशीबशी. एरवी माझी वेणी आई घालायची, पुढ्यात बसवून, डोक्यावर टपली मारत. आईने मोरपंखी लुगडं नेसलं होतं. फोटोत रंग येत नाही हे तिला सांगूनही. ती स्टुलावर बसली. शेजारी बाबा खुर्चीत, पांढऱ्या शर्टाची बाही दुमडलेली, हातात वर्तमानपत्र, कारण आपलं तोंड फोटोत येणार नाही म्हटल्यावर वेळ वाया कशाला घालवायचा. ऊन दिव्याच्या बांबूला टेकलं होतं. मी मान खाली घातली. दुधी काचेत आई डावीकडची उजवीकडे होऊन उतरली, बोटभर. मी कॅमेऱ्याच्या बाजूची चकती हाताने फिरवत फिरवत तिचे डोळे स्पष्ट केले. त्या काचेत आई इतकी सुंदर दिसत होती की मला एकदम तिची आठवण आली. ती समोर बसलेली असताना.

"खाली बघ, भिंगाकडे," मी म्हटलं.

तिने बघितलं. मिरजेला बघितल्यासारखं सरळ, गंभीर. मी बोट कळीवर ठेवलं. आणि तेवढ्यात काचेतल्या आईची नजर वर उचलली गेली, तोंड उघडलं, आणि आवाज आला, "नंदे, भांग वाकडा पडलाय तुझा—"

"आई! बोलू नकोस!"

पण कळ दाबली गेली होती. तेच शेवटचं चित्र होतं, रीळ संपलं होतं. "ये इकडे, नीट करून देते," आई म्हणत होती. मी ऐकायला थांबले नाही. शालूमावशींचा दिवा जायच्या आत फोटो करायचा होता. त्या दिवसांत संध्याकाळी वीज हटकून जायची. मी जिन्याने धावत खाली आले.

शालूमावशींचं न्हाणीघर म्हणजे त्यांची डार्करूम. खिडकीला काळं कापड, पाटावर फोटो मोठा करणारा एन्लार्जर, तीन ताटल्यांत औषधं, वर लाल दिवा. रीळ धुऊन वाळेस्तोवर चहा झाला. मग कागदावर उजेड टाकला, वेळ मोजला आणि कोरा कागद पहिल्या ताटलीत सोडला. शालूमावशी ताटली हलवत राहिल्या. आधी केस आले. मग कुंकू. मग डोळे यायला लागले, आणि लाल दिवा गेला. बाहेर गल्लीभर "गेऽऽले!" अशा अर्थाचा एकच बंगाली ओरडा झाला.

अंधारात आम्ही दोघी. ताटलीतलं पाणी हलत असल्याचा आवाज. "काही नाही," शालूमावशी म्हणाल्या, "आई इथेच आहे, येतेय. आपल्याला दिसत नाही एवढंच." त्यांनी अंदाजाने कागद उचलून पुढच्या ताटलीत घातला, मग त्याच्या पुढच्या. बराच वेळ गेल्यावर मेणबत्ती लावली. आई आली होती. जरा काळी झाली होती. केस आणि कुंकू फार ठळक. डोळे माझ्यावर, म्हणजे चौकटीच्या किंचित वर. तोंड अर्धवट उघडं. आणि कडेला बाबांचं पांढरंशुभ्र कोपर.

"फसला," मी म्हटलं आणि रडायला लागले.

"फसलाच," शालूमावशी म्हणाल्या. त्या खोटं कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हत्या. पुन्हा काढावा म्हटलं तर रीळ मिळेना, आणि त्याच आठवड्यात बाबांच्या नागपूरच्या बदलीचा हुकूम आला. घर पेट्यांमध्ये भरायला लागलं. तो फसलेला फोटोच पुठ्ठ्यात घालून मिरजेला गेला.

मामाचं उत्तर आलं ते आईने मोठ्यांदा वाचलं. फोटो ठळक आहे म्हणून बरं झालं, आईला दिसला. अंगणात उन्हात धरून बसली होती. सारखी विचारते, वत्सू काहीतरी बोलतेय, काय बोलतेय? आणि हे कोपर कुणाचं? आई वाचता वाचता हसायला लागली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. आम्ही नागपूरला बिऱ्हाड लावून मिरजेला गेलो तोवर आजीचा उजेड संपला होता. तिने आईच्या तोंडावरून हात फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी, आणि म्हणाली, "बघितलंय मी तुला. तशीच आहेस." आई तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. मी कलकत्त्यात फोटो शिकले त्याचं चीज झालं असेल तर ते त्या ओसरीवर.

मग सगळं पांगलं. शालूमावशींशी पत्रं चालू होती, विरळ होत गेली, थांबली. मी स्वतःचा कॅमेरा कधी घेतला नाही. लग्न, मुलं, नोकरी यांत घेतात लोक, मी नाही घेतला. नंतरच्या फोटोंमध्ये आई शहाण्यासारखी भिंगाकडे बघते, कारण नंतरचे कॅमेरे डोळ्याला लावायचे असत आणि काढणाऱ्याचं तोंड त्याच्या आड जायचं. ते फोटो स्वच्छ आहेत. त्यांतली आई कुणाचीही असू शकते.

बाबा गेले, मग काही वर्षांनी आई. भिंतीवर लावायला फोटो शोधायची वेळ आली तेव्हा मी दुसरा शोधलाच नाही. फ्रेमवाल्याने चौकटीत घालताना विचारलं, "ताई, हा कुणाचा तरी हात आलाय, कापून टाकू?" मी जवळजवळ ओरडलेच, नको म्हणून. तेव्हापासून आई कोपरासकट आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. ज्या भिंतीला ती एवढी घाबरायची तिथे आहे, पण एकटी नाही.

येणारे जाणारे विचारतात, काय बोलताहेत? कुणाकडे बघताहेत? मी सांगते. ते हसतात. मला दर वेळी हसू येतंच असं नाही. मला त्या गच्चीवर परत जायचं असतं. घर आता उभं आहे की नाही तेही मला माहीत नाही. धुरात गाळलेलं ते ऊन मला पुन्हा हवं असतं. दोन दिवे एकमेकांना लागण्याचा आवाज, कानटोपीतले घरमालक, संत्र्याची साल, सगळं हवं असतं. पण खरं सांगायचं तर ह्या सगळ्याच्या मध्यभागी स्टुलावर बसलेली एक बाई हवी असते. त्या क्षणी ती माझ्याकडे बघत होती आणि मी मान घालून काचेत बघत होते. तिचं ते बघणं मला बोटभर, उलटं, काचेतून दिसलं. तिला काय दिसत होतं ते तर मला कधी दिसलंच नाही.

हे सगळं मी ईराला सांगितलं असेन नसेन, थोडंफार. तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, मग कॅमेऱ्याचा तो आडवा पडदा उचलला. "थांब, मी तुझा तसाच काढते. त्या खुर्चीत बस." मी बसले. तिरकं ऊन माझ्या गुडघ्यावर आलं होतं. तिने कॅमेरा पोटाशी धरला आणि मान खाली घातली.

"आजी, लेन्सकडे बघ हं."

मी बघितलं. काळं, गोल, लहानसं भिंग. मला जमत होतं. पण त्याच्या वर ईराची खाली घातलेली मान होती, धुतलेले मोकळे केस दोन्ही बाजूंनी पुढे आलेले, आणि मधोमध कपाळापासून टाळूपर्यंत गेलेला भांग. उन्हात तो अगदी स्पष्ट दिसत होता. एवढ्या जवळून, एवढा वेळ, ती हलत नसताना, मी तिचं डोकं ती तान्ही असताना बघितलं होतं, त्यानंतर कधी नाही. अर्ध्या वाटेवर तो भांग सरळ एका बाजूला गेला होता.

"अगं, भांग वाकडा—"

"आजी! बोलू नकोस ना!"

बारीक आवाज झाला. ती पडदा माझ्यापुढे घेऊन आली. त्यात एक म्हातारी बाई बसली होती, नजर किंचित वर, तोंड अर्धवट उघडं. मी तिला ओळखलं.

"फसला," ईरा म्हणाली. "डिलीट करते, दुसरा काढू. आणि तो वाकडाच असतो आजी, तशी पद्धत आहे हल्ली."

"असू दे पद्धत," मी म्हटलं. "फोटो राहू दे. आणि तू ये इकडे, बस."

ती कॅमेरा गळ्यात तसाच ठेवून आली, कुरकुरत माझ्या पुढ्यात फरशीवर बसली. मी कंगवा मागितला नाही. बोटांनीच तिचे केस दोन्हीकडे केले आणि भांग सरळ काढून दिला.